हॉल स्वतः रंगवायचा तर पैसे कुठं घालायचे: पुट्टी, प्रायमर, रंग आणि हत्यारांची पारख

बारा बाय पंधराचा हॉल, दहा फूट उंची, दोन दारं, दोन खिडक्या. कोल्हापुरातला फ्लॅट असो की पेठेतल्या जुन्या घराचा दुरुस्त केलेला सोपा, जागा साधारण एवढीच मिळते, म्हणून पुढचा हिशोब याच मापावर धरला आहे. चारी भिंती मिळून ५४० चौरस फूट. दारं-खिडक्यांचे ऐंशी वजा केले की ४६० उरतात. छत १८०.

आधी निकाल सांगून टाकतो. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीला, म्हणजे रंगाआधी भिंत सपाट करायच्या लेपाला, पैकीच्या पैकी गुण. डब्यातली तयार ॲक्रिलिक पुट्टी किलोभर घ्यावी, जास्त नको. लक्झरी म्हणून विकला जाणारा चकचकीत रंग पहिल्यांदा ब्रश धरणाऱ्यानं टाळलेला बरा. रोलरवर मात्र हात आखडू नये. आणि भिंतीत ओल असेल तर यातलं काहीच अजून विकत घेऊ नये.

पोत्यातली पुट्टी

बिर्ला व्हाइट, जेके वगैरे नावांनी जी पोती मिळतात त्यांत पांढरं सिमेंट, दगडाची बारीक भुकटी आणि पॉलिमर असतं. एकदा धरली की ही पुट्टी पाण्यानं विरघळत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडं भिंती सादळलेल्याच असतात, त्यामुळं एवढ्या एका गुणावर ती बाकीच्या पुट्ट्यांच्या पुढं जाते. पोती १, ५, २० आणि ४० किलोची असतात.

किती लागेल हे भिंतीवर ठरतं. पोत्यावर किलोला वीस चौरस फुटांच्या आसपासचा आकडा असतो, पण तो काचेसारख्या सपाट गिलाव्याचा. नेहमीच्या गिलाव्यावर दोन हातांना किलोमागं पंधरा फूट धरा. भिंती आणि छत मिळून ६४० फूट नवा गिलावा असेल तर ४० किलोचं एक पोतं आणि वर ५ किलो. आधीच रंगवलेल्या, मुळात सपाट असलेल्या हॉलला खड्डे आणि ओरखडे भरायला २० किलो पुरून उरतं.

कालवायचं माप किलोला ३६० ते ३८० मिली पाणी. घमेल्यात आधी पाणी, मग थोडी थोडी भुकटी. उलट केलं तर तळाला कोरड्या गुठळ्या राहतात आणि त्या भिंतीवर पत्र्याखाली (पुट्टी ओढायच्या पोलादी पट्टीखाली) येऊन रेघा ओढतात. हातानं कालवत असाल तर दहा-पंधरा मिनिटं घोटा, मग पाच मिनिटं तशीच ठेवून परत एकदा हलवा. ड्रिलला पाती लावून कालवणार असाल तर वेग कमी ठेवा. जोरात फिरवली की पुट्टीत हवा भरते आणि वाळल्यावर भिंतभर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. एका वेळी चार-पाच किलोच कालवा, कारण दोन-तीन तासांत ती आवळायला लागते. आवळलेल्या पुट्टीत पाणी घालून पुन्हा सैल करणं हा सगळ्यात जास्त होणारा घोटाळा. ती लागते छान, पण सिमेंटची धरण्याची ताकद तोवर गेलेली असते आणि पुढच्या पावसाळ्यात पापुद्रा सुटतो.

उघड्या गिलाव्यावर लावण्याआधी भिंतीवर पाणी मारायचं, ओघळ थांबले की लगेच पहिला हात. कोरडा गिलावा पुट्टीतलं पाणी शोषून घेतो, सिमेंटला घट्ट व्हायला पाणी उरत नाही, आणि चार दिवसांनी हात फिरवला की पांढरी पूड हाताला लागते. यावर उपाय नाही, खरवडून पुन्हा लावावी लागते. पत्रा खालून वर ओढा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नको. ‘इथं जरा खोलगट आहे, दाबून भरू’ असं म्हणून चार-पाच मिलिमीटर चढवली तिथं केसासारख्या भेगा ठरलेल्या. खोल खड्डा आधी सिमेंट-वाळूनं भरून घ्या.

घासायची वेळ साधणं महत्त्वाचं. दुसरा हात वाळल्यावर एक-दोन दिवसांत १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं आणि शेवटी ३२० नं. आठवडा गेला की हीच पुट्टी दगडासारखी होते आणि खांदे भरून येतात. पेपर नुसत्या बोटांनी धरू नका, लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, नाहीतर बोटांच्या दाबाच्या लाटा भिंतीत उतरतात. रात्री दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. दिवसा न दिसलेली प्रत्येक लाट सावली टाकते, तिथं पेन्सिलनं गोल करून ठेवा. ही तपासणी पगारी रंगारीही क्वचितच करतात.

धूळ खूप उडते आणि ती सिमेंटची आहे. साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क आणि चष्मा घाला. कालवताना रबरी हातमोजे.

मर्यादाही सांगायला हव्यात. ही पुट्टी उघड्या गिलाव्यासाठी आणि काँक्रीटसाठी आहे. जुन्या ऑइलपेंटवर सगळी भिंत पुट्टीनं झाकू नका, ती धरणार नाही. जुना इमल्शन (पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग) घट्ट असेल तर १२० च्या पेपरनं त्याची चमक मारून फक्त उणी जागा भरा.

पोतं घेताना तयार केल्याची तारीख बघा आणि कोपरे दाबून बघा. कडक लागले तर आत दमट हवा शिरलेली आहे, दुसरं मागा. जाता जाता: अनेक कंपन्या पुट्टीच्या पोत्यात आणि रंगाच्या डब्यात रंगाऱ्यासाठी बक्षिसाचं टोकन ठेवतात. त्यामुळं ‘सगळे रंगारी हीच नेतात’ या शिफारशीत मालाचा गुण किती आणि टोकनाचा किती, हे दुकानात उभं राहून कळत नाही.

डब्यातली ॲक्रिलिक पुट्टी आणि पीओपी

ॲक्रिलिक पुट्टी तयार मलम असते. कालवाकालव नाही, घासायला मऊ, जुन्या रंगावरही बऱ्यापैकी धरते. पहिल्यांदा करणाऱ्याला साहजिकच हीच आवडते. पण तिला धरून ठेवतो तो राळेचा बंध, आणि सतत ओल लागली की तो मऊ पडतो. न्हाणीघराला लागून असलेल्या किंवा पश्चिमेचा पाऊस झेलणाऱ्या भिंतीला ती सगळीकडं लावू नका. खिळ्यांची भोकं, प्रायमरनंतर दिसलेले ओरखडे, चौकटीच्या कडा यांना ती उत्तम. किलोभर पुरते.

पीओपी स्वस्त, पण दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होते. सराईत हाताचं काम आहे ते, आणि ओलीला सगळ्यात आधी तीच फुगते. फॉल्स सीलिंगच्या सांध्यांना ठीक, भिंतीला नको.

आधी ओल

दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी टेपनं पक्का चिकटवा आणि दिवसभर, म्हणजे पुरते २४ तास, ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला आले तर हवेतलं आहे, खिडक्या उघड्या ठेवून आणि हवामान कोरडं झाल्यावर काम भागेल. ही चाचणी खाली फरशीजवळ, खिडकीखाली आणि न्हाणीघराच्या बाजूला अशा तीन ठिकाणी घ्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, दुधाळी या भागांतल्या ज्या तळमजल्यांत शिरलं, तिथं प्रश्न वेगळा आहे. पाणी उतरलं, भिंत वरवर वाळली, पण पाण्याबरोबर आलेले आणि विटांतून सुटलेले क्षार गिलाव्यात राहिले. दर पावसाळ्यात ते हवेतला दमटपणा ओढतात, कोरड्या दिवसांत स्फटिक बनून फुगतात आणि रंगाला आतून ढकलतात. लोणा लागला असं आपण म्हणतो तो हाच. पांढरी पूड पाण्यानं धुतली तर विरघळून परत आत जाते, म्हणून ती कोरड्या ब्रशनं झाडून, गोळा करून घराबाहेर टाकायची. पुराच्या पाण्याच्या खुणेच्या वर फूटभरापर्यंतचा गिलावा काढून नवा करायचा आणि एक अख्खा हिवाळा-उन्हाळा त्यावर पुट्टी किंवा इमल्शन चढवायचं नाही. तेवढे दिवस चुना बरा. त्यातून भिंत श्वास घेते, आणि खराब झाला तरी हात फिरवायला खर्च नाही.

दोन भागांत मिळणारी इपॉक्सीची ओलरोधक लेपं दुकानात आग्रहानं दाखवली जातात. नळ किंवा न्हाणीघराची गळती दुरुस्त झाली आहे, भिंत बरीचशी वाळली आहे, तरी डाग पुन्हा दिसायची भीती आहे, अशा ठिकाणी ती चांगली चालतात. पण जमिनीतून चढणाऱ्या ओलीला ती फक्त रस्ता बदलून देतात. खालचे तीन फूट लेपलेत की ओल चौथ्या फुटावर दिसते. पेठांतल्या दगडाच्या जोत्यावर मातीत बांधलेल्या भिंतींना हे हमखास होतं. तिथं तो डबा घेऊ नका.

काळे ठिपके बुरशीचे असतात. एक भाग ब्लीचचं द्रावण आणि तीन भाग पाणी लावून पंधरा-वीस मिनिटं थांबा, घासा, स्वच्छ पाण्यानं पुसून वाळू द्या. संडास साफ करायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

खरवडणं

जुन्या घरांत खाली चुन्याचे दहा-वीस थर असतात. त्यावर कितीही महाग पुट्टी लावा, ती चुन्याला धरते आणि चुना भिंतीला धरत नाही. तळहात घासून बघा. पांढरा झाला तर खरवडावंच लागेल. पाणी मारून, तासभर मुरवून चार इंची पत्र्यानं काढलं की धूळ उडत नाही. खात्रीसाठी रुंद चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंग सोबत आला तर अजून काढायचं राहिलंय.

दारं, खिडक्या आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्याला जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं बरंच असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधते. वॉटरपेपरनं, पाणी लावून घासा, गाळ कागदात गोळा करा. मुलांना तेवढे दिवस मावशीकडं धाडलेलं उत्तम.

भेगा नुसत्या वरून लिंपू नका. पत्र्याच्या टोकानं इंग्रजी व्हीसारखी खाच पाडून आतली माती झाडा, ओली करा, मग भेग भरायची पेस्ट दाबून भरा. बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावरची आडवी भेग मात्र दरवर्षी उघडते, कारण दोन्ही वस्तू उन्हात वेगवेगळ्या ताणतात. तिथं भेगेवर फायबरची जाळीची पट्टी चिकटवून वर पुट्टी ओढा.

स्विचबोर्डाच्या पट्ट्या काढूनच काम करा. आधी एमसीबी खाली पाडा, टेस्टरनं तपासा.

प्रायमर

पुट्टीवर थेट रंग चालतो असंही सांगितलं जातं. चालतोही, पण पुट्टी भरलेली जागा रंग जास्त पिते आणि वाळल्यावर तिथं वेगळी छटा दिसते. पाण्यात मिसळायचा भिंतीचा प्रायमर स्वस्त आहे, तेवढ्या पैशांत रंगाचा एक हात वाचतो. साधारण बरोबरीनं पाणी घालायचं, माप डब्यावर असतं. ४६० फुटांना ४ लिटर आणि वर १ लिटर धरा. प्रायमर लागला की राहिलेले ओरखडे उठून दिसतात. ते ॲक्रिलिक पुट्टीनं भरून, घासून, तेवढ्याच जागेवर पुन्हा प्रायमर. हा शेवटचा तुकडा हमखास विसरला जातो आणि मग रंगात ठिगळं दिसतात.

रंग

एशियन पेंट्सचं उदाहरण घेतलं तर ट्रॅक्टर इमल्शन खालच्या पायरीवर, ॲपकोलाइट प्रीमियम मध्ये आणि रॉयल वर. बर्जर, नेरोलॅक यांच्याकडंही अशाच पायऱ्या आहेत. स्वस्त रंगात खडू जास्त आणि राळ कमी, महागात उलट. राळ जास्त म्हणजे भिंत पुसता येते, पण किंचित चमकही येते. इथंच स्वतः काम करणाऱ्याची पंचाईत होते. चमकणारा रंग भिंतीची प्रत्येक लाट दाखवतो, खिडकीतून तिरपं ऊन आलं की पुट्टीचा इतिहास वाचता येतो. मॅट रंग ते झाकतो. म्हणून पुट्टीवर हात बसलेला नसेल तर मधल्या पायरीचा मॅट घ्या. वाचलेल्या पैशांत चांगला रोलर आणि ब्रश येतो. मुलांचे हात लागतात ती सोफ्यामागची एक भिंत पुसण्याजोग्या रंगाची ठेवली तर बिघडत नाही, फक्त ती टॉर्च लावून दोनदा घासा. छताला कायम चमक नसलेला पांढरा.

दोन हातांना लिटरमागं १२० ते १४० फूट धरले तर भिंतींना ४ लिटरचा एक डबा आणि छताला दोन लिटर. पिवळा, भगवा, लाल अशा शेड झाकायला कमी पडतात, तिसऱ्या हाताची तयारी ठेवा. शेड मशिनवर बनवून घेताना लक्षात ठेवा, गडद शेडच्या बेसचा (रंगद्रव्य मिसळण्याआधीच्या मूळ रंगाचा) डबा काठोकाठ भरलेला नसतो, रंगद्रव्यासाठी जागा सोडलेली असते. दुकानदारानं फसवलेलं नाही. मात्र लागणारा सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्या. दोन डबे झाले तर एका बादलीत एकत्र करा, नाहीतर भिंतीच्या मध्यावर दुसरा डबा सुरू झाल्याचं कळतं.

पाणी मापानं घाला, डोळ्यानं नको. जास्त पातळ केलेला रंग भराभर फिरतो, ओघळतो आणि खालचं झाकत नाही. गाळून घ्या, जुन्या ओढणीचं कापड चालतं.

छत आधी, मग भिंती. दोन इंची ब्रशनं कडा कापायच्या त्या एका वेळी एकाच भिंतीच्या, आणि त्या ओल्या असतानाच रोलर त्यांच्यापर्यंत न्यायचा. चारी भिंतींच्या कडा आधी कापून ठेवल्या तर वाळल्यावर खोलीला फोटोची चौकट बसवल्यासारखी गडद पट्टी दिसते. एक भिंत सुरू केली की संपेपर्यंत चहाला थांबू नका. आणि पंखा बंद. लवकर वाळावं म्हणून पंखा लावायची आपल्याकडं सवय आहे, त्यानं ओली कड वाळते आणि रोलरच्या जोडाचे पट्टे उठतात. खिडक्या उघड्या ठेवल्या की पुरे. दोन हातांत चार ते सहा तास, दमट दिवस असेल तर रात्र जाऊ द्या.

हत्यारं

नऊ इंची मायक्रोफायबर रोलर, आखूड लवेचा. स्पंजचा रोलर घेऊ नका, तो रंगात बुडबुडे सोडतो. नवा रोलर आधी धुवा किंवा चिकटपट्टी फिरवून सुटे धागे काढा. लांब दांडा घेतला की शिडीची चढउतार निम्मी होते. पुट्टीला चार आणि आठ इंची पोलादी पत्रे, कोपऱ्यांना दोन इंची. मास्किंग टेप रंग ओला असतानाच, तिरपी ओढून काढा.

भिंत घासायचं विजेचं यंत्र धूळ ओढणाऱ्या पिशवीसकट भाड्यानं मिळालं, तर सगळी भिंत पुट्टीची असताना घ्यावं. एका जागी रेंगाळलात तर खड्डा पडतो, सतत फिरवत राहायचं. रंगाचा स्प्रे मात्र राहत्या घरात नको. हॉलभर प्लास्टिक बांधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात रोलरनं पहिला हात होतो.

कधी करायचं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर सगळ्यात चांगलं. मार्च-एप्रिलमध्ये पुट्टी फार लवकर वाळते, भिंत जास्त भिजवावी लागते. मेमध्ये वळवाचा भरवसा नाही. खरी अडचण गणपतीची. सगळ्या घरांना रंग हवा असतो नेमका तेव्हा, आणि भिंती नेमक्या तेव्हाच ओल्याचिंब असतात. श्रावणात लावलेली पुट्टी वाळल्यासारखी दिसते, आतून वाळत नाही. बाप्पा येणारच असतील तर पुट्टीच्या फंदात पडू नका. भिंत धुऊन, बुरशी काढून, जुन्याच शेडचा एक हात मारा आणि मोठं काम नोव्हेंबरला ठेवा.

कामाला सलग आठवडा लागतो: एक दिवस खरवडायला, दोन पुट्टीला, एक घासायला, एक प्रायमर आणि दुरुस्तीला, दोन रंगाला. सामान परत लावताना सोफा भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, आणि ओलं फडकं तीन-चार आठवडे भिंतीला लावू नका, रंग पुरता पक्का व्हायला तेवढा वेळ जातो. उरलेला रंग छोट्या, काठोकाठ भरणाऱ्या बरणीत ओता, शेडचा नंबर आणि बेसचं नाव झाकणावर लिहा. मोठ्या डब्यात तळाशी ठेवलेल्या रंगावर वर्षभरात साय धरते आणि दुरुस्तीच्या वेळी तो उपयोगी पडत नाही.